‘असा विचार करू नका’ हा सल्ला आता थांबावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवण्यांमधील लेखांतून, व्याख्यानांतून आणि घरातल्या बोलण्यातून एक सल्ला सतत कानांवर पडतो : वाईट विचार मनात आणू नका, सकारात्मक विचार करा. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही समुपदेशनाचे काम करणाऱ्या आम्हां काही जणांना हे पत्र लिहावेसे वाटले, कारण जी माणसे हा सल्ला मनापासून पाळू पाहतात तीच त्यात जास्त अडकतात. विचार मनात येणे आपल्या हातात नसते. आलेल्या विचाराशी कसे वागायचे, हे मात्र शिकता येते. ते शिकायचे कसे, हे बारकाव्यांसह सांगणारा मजकूर फार कमी छापला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विचार दाबायला गेले की काय होते, हे १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह अगदी साध्या प्रयोगातून दाखवले. पाच मिनिटे मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा, एवढीच सूचना. घंटी वाजतच राहिली. पुढे त्याच लोकांना ‘आता अस्वलाचा विचार करायला हरकत नाही’ असे सांगितले, तेव्हा तो विचार त्यांना इतका आला, की सुरुवातीपासून अस्वलाचा विचार करायला मोकळीक असलेल्या गटालाही त्यांनी मागे टाकले. कारण असे, की विचार टाळायचा तर तो आला की नाही यावर मनाला पहारा ठेवावा लागतो, आणि पहारा ठेवायचा तर ज्याच्यावर ठेवायचा त्याला विसरून चालत नाही. माणूस थकलेला असेल किंवा डोक्यावर इतर कामांचा भार असेल तर दाबण्याची ताकद कमी पडते, पहारा मात्र चालूच राहतो. दिवसभर दाबलेला विचार रात्री अंथरुणावर उसळून येतो तो यामुळेही.

सकारात्मक वाक्यांचेही तसेच. जोॲन वुड यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच बरे होते त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांना अशा वाक्याची खरी गरज, त्या स्वतःला कमी लेखणाऱ्या लोकांना मात्र ते म्हटल्यावर अधिक वाईट वाटले. न पटणारे वाक्य मोठ्याने म्हटले, की मन त्याच्या विरोधातले पुरावे काढून बसते.

आणखी एक गोष्ट सर्वांना कळायला हवी, असे आम्हांला तळमळीने वाटते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आपल्याकडे आहे, पण तिच्यातला दिलासा कुणी सांगत नाही. जवळच्या माणसाला इजा करण्याचा, गच्चीवरून उडी मारण्याचा, नको त्या ठिकाणी नको ते बोलून बसण्याचा विचार क्षणभर चमकून जाणे हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारले, तेव्हा सुमारे ८० टक्के जणांनी असे नकोसे विचार येतात हे मान्य केले. विचारांचा मजकूर आजारी आणि निरोगी माणसांत बराच सारखा होता. फरक होता तो विचार किती वेळा येतात, किती छळतात आणि माणूस त्यांचा अर्थ काय लावतो यात. ‘असा विचार आला म्हणजे मी वाईट माणूस आहे’ असा अर्थ लावला, की एरवी येऊन जाणारा विचार मुक्कामाला राहतो.

आता प्रत्यक्ष करायचे काय?

सुरुवात विचार ओळखण्यापासून. हे वाटते तितके सोपे नाही आणि मराठीत तर एक खास अडचण आहे. आपण विचारालाही ‘वाटणे’ म्हणतो आणि भावनेलाही. ‘मला भीती वाटते’ ही भावना. ‘मला वाटते की मी कुणाला नकोसा आहे’ हा विचार. दोन्ही एकाच क्रियापदाच्या पोटात गेल्यामुळे विचाराला भावनेचे वजन मिळते आणि ‘मला तसे वाटते आहे ना, म्हणजे ते खरेच असणार’ असा घोटाळा होतो. त्यावर एक सोपी खूण आहे. ‘वाटते’नंतर ‘की’ येत असेल तर पुढचा मजकूर विचार आहे, तो तपासता येतो. ‘वाटते’च्या आधी एकच शब्द पुरत असेल, म्हणजे भीती, लाज, राग, वाईट, एकटे, तर ती भावना. तिला खरे-खोटे नसते, ती फक्त कमी-जास्त असते.

पुढची पायरी कागदाची. मनातल्या मनात केलेली तपासणी बहुतेक वेळा फसते, कारण तपासणारा आणि ज्याची तपासणी चालली आहे तो, दोघे एकाच गडबडीत असतात. ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्यावर काम करताना ‘आपोआप येणारे विचार’ ही कल्पना मांडली. हे विचार इतक्या झटकन येऊन जातात, की विचार आला हे लक्षातच येत नाही, मागे फक्त बिघडलेली मनःस्थिती राहते. म्हणून मनःस्थिती अचानक खाली आली, की तिथूनच मागे जायचे : आत्ता, या क्षणाआधी, मनात काय येऊन गेले?

साध्या वहीचे पान आडवे धरून चार रकाने आखा. पहिल्यात घटना, दुसऱ्यात विचार, तिसऱ्यात भावना आणि तिची तीव्रता ० ते १०० मध्ये, चौथ्यात त्यानंतर तुम्ही केलेली कृती. दिवसाला एकच नोंद, जास्तीत जास्त पाच मिनिटे, सलग दोन आठवडे. शक्यतो घटनेनंतर तासाभरात लिहा, नाहीतर निदान त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या नोंदीत आठवणीपेक्षा स्पष्टीकरणच जास्त असते.

यात चुका ठरलेल्या होतात. घटनेच्या रकान्यात ‘त्याने मला टाळले’ असे लिहिले जाते. ही घटना नव्हे, हा अर्थ झाला. कॅमेऱ्यात जे दिसले असते तेवढेच पहिल्या रकान्यात : ‘संदेश वाचल्याची खूण दिसते आहे, पाच तास उत्तर नाही.’ ‘टाळले’ हे दुसऱ्या रकान्यात. एवढी एक ओळ इकडून तिकडे नेली तरी तिसऱ्या रकान्यातला आकडा काही वेळा खाली येतो.

दुसरी चूक म्हणजे विचार प्रश्नाच्या रूपात लिहिणे. ‘माझे कसे होणार?’, ‘लोक काय म्हणतील?’ प्रश्न तपासता येत नाही, तो फक्त घोळवता येतो. त्याच्या पोटात दडलेले विधान बाहेर काढायला हवे. ‘लोक काय म्हणतील’ म्हणजे नेमके कोण आणि काय म्हणतील? ‘मी परीक्षेत मागे पडलो हे कळले तर माझे दोन मित्र मला बिनडोक समजतील.’ आता हे विधान खरे किंवा खोटे असू शकते. त्याच्या बाजूने काय, विरुद्ध काय, हे दोन-दोन ओळींत लिहिता येते. मग त्यावर आपला विश्वास किती, हेही ० ते १०० मध्ये मांडा. तो ९० वरून ६० वर आला तरी पुष्कळ झाले. शून्यावर आणायचा हट्ट धरला, तर मागच्या दाराने पुन्हा दाबादाबीच सुरू होते.

तिसरी चूक भावनेच्या रकान्यात. तिथे हल्ली सगळीकडे एकच शब्द दिसतो : टेन्शन. मुलाखतीआधीचे टेन्शन, भांडणानंतरचे टेन्शन, मित्राला मिळालेल्या यशाने आलेले टेन्शन. पहिले भीती आहे, दुसऱ्यात राग किंवा अपराधीपणा, तिसऱ्यात मत्सर. तिन्हींवरचे उपाय वेगळे. भीतीला तयारी आणि सामोरे जाणे लागते, अपराधीपणाला माफी किंवा भरपाई, मत्सराला आपल्याला नेमके काय हवे आहे हे ओळखणे. भावनेला नेमका शब्द देण्याने एरवीही फरक पडतो. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात चेहऱ्यांवरच्या भावनांना नाव देताना मेंदूतील अमिग्डला या, धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. तेव्हा दोन आठवडे ‘टेन्शन’ हा शब्द वहीत बंद ठेवा. आपल्याकडे खंत आहे, हुरहुर आहे, धास्ती आहे, चीड आहे, संकोच आहे, विषाद आहे. एवढी श्रीमंत भाषा जवळ असताना एका शब्दावर भागवण्याचे कारण नाही.

वही जवळ नसते तेव्हा काय? विचाराच्या आधी काही शब्द जोडायचे. ‘मी नालायक आहे’ याऐवजी ‘मी नालायक आहे असा विचार मला आत्ता येतो आहे.’ सावकाश, शक्यतो ओठ हलवून, दोन-तीनदा. वाक्याचा मजकूर तोच राहतो, पण आपण त्याच्या आतून बाहेर येतो. पकड फारच घट्ट असेल तर त्या विचारातला एकच जहरी शब्द निवडून तो सुमारे अर्धा मिनिट भरभर, मोठ्याने म्हणत राहा. शब्दाचा अर्थ विरत जातो आणि नुसता आवाज उरतो. शब्द घोकला की त्याचा अर्थ सुटतो, हे टिचनर यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवले होते. पुढे स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी ते उपचारात आणले, आणि स्वतःविषयीच्या नकारात्मक शब्दांवरचा विश्वास व त्यांचा त्रास यामुळे कमी होतो हे तपासून दाखवले. तिसरा मार्ग म्हणजे स्वतःशी ‘मी’ऐवजी ‘तू’ म्हणून किंवा स्वतःचे नाव घेऊन बोलणे. ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगाआधी असे बोलणाऱ्यांना ताण हाताळणे सोपे गेले. मराठीत मनाला ‘बा मना’ अशी हाक मारून समजावण्याची रीत तर जुनीच आहे. हाक मारायची म्हणजे हाक मारणारा वेगळा हवा, हे त्या रीतीत गृहीतच धरलेले दिसते.

या तिन्ही युक्त्यांचा गैरवापर एकाच प्रकारे होतो. माणूस त्या विचार घालवण्यासाठी वापरतो, विचार गेला नाही की ‘हे मला जमत नाही’ म्हणतो, आणि हा आणखी एक विचार आधीच्यात भर घालतो. युक्ती लागू पडली की नाही याची खूण विचार गेला का, ही नाही. विचार असतानाही हातातले काम पुन्हा सुरू झाले का, ही आहे. आणि शिकायची वेळ संकटाची नको. सर्वांत छळणारा विचार पहिल्याच दिवशी हाताशी घेऊ नका. ‘आज उशीर होणार’ यासारख्या किरकोळ विचारावर आठवडाभर हात बसवा.

मात्र सगळेच विचार खोटे किंवा फुकाचे असतात असा याचा अर्थ घेऊ नये. कर्जाचा हप्ता थकला आहे, ही चिंता वस्तुस्थितीची आहे. तिथे प्रश्न एवढाच : यावर मला येत्या एक-दोन दिवसांत काही करता येईल का? येत असेल तर पुढची एक कृती वार आणि वेळेसह लिहा. ‘कर्जाचे बघायचे’ ही कृती नव्हे. ‘मंगळवारी ११ वाजता बँकेत जाऊन हप्ता पुढे ढकलण्याचा अर्ज मागायचा’ ही कृती. करण्यासारखे काही नसेल तर ती चिंता चिंतेच्या वेळेवर सोपवायची.

चिंतेची वेळ हा शब्द ऐकून काहींना नवल वाटेल, पण हा रीतसर तपासलेला उपाय आहे. १९८३ मध्ये बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी तो मांडला. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त चिंता करायची, आणि दिवसभरात चिंता डोकावली की ती त्या वेळेवर ढकलायची. सुरुवातीला १५-२० मिनिटे पुरतात. जागा पलंग किंवा रोजचे कामाचे टेबल नसावी, कारण जागेलाही सवय लागते. वेळ झोपेच्या अगदी जवळची नको, मध्ये निदान दोन-तीन तास असू द्या. दिवसा चिंता आली की तीन-चार शब्दांत टिपा, ‘आईचा रिपोर्ट’, ‘शुक्रवारची सभा’, आणि ‘सहा वाजता’ असे स्वतःला सांगून कामाकडे वळा. सहा वाजता यादी घेऊन बसा. जे विषय आता निवळलेले दिसतील त्यांवर काट मारा, उरलेल्यांची मनसोक्त चिंता करा, गजर वाजला की उठा आणि लगेच शरीराला हालचाल लागेल असे काहीतरी करा.

हा उपाय का फसतो, तेही सांगतो. दोन-तीन दिवस बरे गेले की लोक सहाची भेट चुकवतात. मग चौथ्या दिवशी मन ‘नंतर’ हा वायदा मानत नाही. पुढे ढकलणे आणि दाबणे यांतला फरक त्या भेटीवरच उभा आहे. आज काळजी करण्यासारखे काही नाही असे वाटले तरी निदान पाच मिनिटे बसा.

चिंता पुढचे उगाळते, तसे घोळवणे मागचे उगाळते. सुसान नोलेन-होक्सिमा यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले, की उदास असताना ‘माझेच असे का होते’ हे घोळवत बसणाऱ्यांची उदासी लांबते आणि गडद होते. आत्मपरीक्षणाच्या नावाखाली बरेचदा हेच चालते, आणि स्वतःविषयी जागरूक असणारी, विचारी माणसे याला जास्त बळी पडतात. ओळखायचे कसे? दहा मिनिटे झाली की विचारा : यातून काही नवे कळले का, किंवा करण्याजोगे काही निघाले का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते चिंतन नव्हे. जागेवरून उठा. नंतर ‘का’ सोडून ‘काय’ आणि ‘केव्हा’ विचारा. ‘मी असा का आहे’ याला अंत नाही. ‘काल नेमक्या कोणत्या वाक्यावर माझा आवाज चढला’ याला उत्तर आहे.

मनातले मोकळेपणाने लिहून काढण्याचा जेम्स पेनेबेकर यांचा मार्गही अनेकांना उपयोगी पडतो : सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटणे स्वाभाविक आहे. पण तिसऱ्या दिवशीही तीच वाक्ये त्याच क्रमाने येत असतील तर लिहिणे थांबवा, ते घोळवणेच कागदावर उतरले आहे. ताज्या आघातावर तर लगेच लिहायला बसूच नका.

ध्यानाबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यावर भरपूर लिहिले जाते. फक्त एक गैरसमज दूर व्हावा. मन भरकटणे म्हणजे ध्यान बिघडणे नव्हे. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून विचारले, तेव्हा ४६.९ टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामापासून दूर होते. भरकटले हे लक्षात येणे आणि परत येणे, हाच त्या व्यायामाचा एक जोर. पाच मिनिटांत मन वीस वेळा भरकटले आणि वीस वेळा परत आणले, तर वीस जोर झाले. श्वासाकडे लक्ष दिले की काहींना घुसमटल्यासारखे होते. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपायांच्या स्पर्शाकडे किंवा आजूबाजूच्या आवाजांकडे लक्ष द्यावे.

या सगळ्याच्या मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगायला हव्यात. घरात मारहाण होत असेल, कामाच्या ठिकाणी छळ होत असेल, तर बदलायची असते ती परिस्थिती. तिथे ‘विचारांकडे तटस्थपणे पाहा’ हा सल्ला अन्यायाला हातभार लावतो. दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास जात असेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा नकोसे विचार आणि त्यापायी धुणे, तपासणे, पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेणे यांत रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांकडे जावे. या शेवटच्या प्रकारात वहीची तपासणीसुद्धा खात्री करून घेण्याचा नवा विधी बनते, म्हणून ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये. चालू गोळ्या आपल्याच मनाने बंद करू नयेत. सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा उपचार नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून दिला जातो. टीसडेल व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात, ज्यांना आधी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते त्यांच्यात साठ आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ६६ वरून ३७ टक्क्यांवर आले. पण हे त्या वेळी बरे असलेल्या लोकांबद्दल आहे. ऐन आजारात असलेल्याला ‘ध्यान कर’ सांगून सोडून देणे योग्य नाही. आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वही, युक्त्या सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावे. एकटे राहू नये.

संपादक महाशय, आमची विनंती छोटी आहे. मानसिक आरोग्यावरचा मजकूर छापताना ‘सकारात्मक राहा’ या ओळीच्या जागी चार रकान्यांचे एक भरलेले पान नमुन्यादाखल छापा. आणि ज्या घरात कुणी रात्र रात्र विचार करत जागे आहे, त्या घरातल्यांना ‘असा विचार करू नकोस’ याऐवजी विचारता येतील असे दोन प्रश्न त्याखाली द्या : ‘हा विचार कधीपासून येतो आहे?’ आणि ‘तो आला की तू काय करतोस?’ विचारून झाल्यावर उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये, हेही तिथेच लिहावे.

आपले,
समुपदेशन क्षेत्रात काम करणारे काही वाचक